दहा ग्रॅमचं कोडं

एका पाळीत बाईच्या शरीरातून सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरच्या झाकणानं मोजलं, तर तीन-चार झाकणं. चार-पाच दिवसांचं मिळून एवढंच. ८० मिलिलिटरच्या वर गेलं, की डॉक्टर त्याला अतिस्राव म्हणतात.

इतक्या थोड्या रक्तापायी मुलींची शाळा बुडते, बायकांची मजुरी बुडते. हे रक्त नीट टिपून घेणारी वस्तू शोधायला युद्धकाळातली मलमपट्टी लागली, शेतीच्या प्रयोगशाळेतली पावडर लागली आणि शाळा अर्धवट सुटलेल्या एका वेल्डरची जिद्द लागली. ती वस्तू सापडली, दुकानात आली, तरी गरिबाच्या घरात पोचायला पुढे जवळपास शंभर वर्षं गेली. पॅडची किंमत उलगडायला बसलं, की तिच्यात झाड, रसायन, यंत्र, कर, दुकान आणि संकोच असे थर सापडतात. आणि यातला प्रत्येक थर कुणीतरी कधीतरी उतरवून दाखवला आहे, ही मला या सगळ्या गोष्टीतली सर्वांत विलक्षण बाब वाटते.

साध्या कापसानं का भागत नाही?

पाळी येणारे प्राणी जगात फार थोडे आहेत. माणूस, माकडांच्या अनेक जाती, काही वटवाघळं, एक-दोन चिमुकले सस्तन प्राणी, बस्स. गाय, म्हैस, कुत्रा, मांजर यांना आपल्यासारखी पाळी येत नाही. गर्भाशय दर महिन्याला आतून मऊ अस्तर तयार करतं आणि गर्भ राहिला नाही तर ते सोडून देतं. बाहेर येतं ते नुसतं रक्त नसतं. त्यात अस्तराचे कण असतात, चिकट स्राव असतो. बोट कापलं की रक्त काही मिनिटांत गोठतं. गर्भाशयात मात्र गुठळ्या विरघळवणारी विकरं काम करतात, म्हणून हे रक्त बहुतेक वेळा वाहतं राहतं.

आता अशा द्रवासाठी पॅड करायचं म्हटलं तर मागण्या पाहा. तो द्रव पाण्यापेक्षा दाट. कधी थेंबाथेंबानं येणार, कधी खोकल्यासरशी एकदम. पॅडनं तो चटकन आत ओढावा, एका जागी साठू न देता पसरवावा, बाई बसली, वाकली, डोक्यावर हंडा घेऊन चालली तरी परत बाहेर सोडू नये. वर अंगाला लागणारा भाग कोरडा राहावा. ही शेवटची अट कठीण आहे. कापूस पाणी छान पितो, पण ओला झाला की त्याचे तंतू लोळागोळा होतात, त्यांच्यामधली जागा मिटते आणि दाब पडला की प्यायलेलं पाणी बाहेर येतं. घरोघरच्या बायकांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. जुन्या सुती साडीच्या चार-चार घड्या घातल्या तरी शेतातून घरी येईपर्यंत जीव टांगणीला लागतो, तो यामुळेच.

पाइनचं झाड आणि सैनिकांची मलमपट्टी

या कोड्याचं पहिलं चांगलं उत्तर लाकडातून आलं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या किंबर्ली-क्लार्क या कागद कंपनीनं लाकडाच्या लगद्यापासून सेल्युकॉटन नावाचं टिपणारं साहित्य तयार केलं. ते कापसाच्या पाचपट द्रव शोषत असे आणि किंमत कापसाच्या निम्मी होती. पहिल्या महायुद्धात कापसाची टंचाई झाली आणि सैनिकांच्या जखमांवर हे साहित्य बांधलं जाऊ लागलं. इस्पितळातल्या परिचारिकांच्या हाती ते रोज होतं. पाळीच्या दिवसांत त्यांनी तेच वापरायला सुरुवात केली. कंपनीच्या कुणा तज्ज्ञाला सुचण्याआधी हा उपयोग त्या बायकांना सुचला होता. १९२० मध्ये त्यातूनच कोटेक्स हे पॅड बाजारात आलं.

विज्ञान साधं आणि सुंदर आहे. पाइनसारख्या झाडाच्या लाकडात दोन-तीन मिलिमीटर लांबीचे पोकळ, ताठ तंतू असतात. ते सेल्युलोजचे बनलेले असतात आणि सेल्युलोजच्या रेणूला पाण्याची ओढ असते. हे तंतू पिंजून फुलवले, की त्यांच्यात लाखो बारीक वाटा तयार होतात. झाडाच्या खोडातून पाणी वर चढताना ज्या केशाकर्षणाची मदत होते, तेच इथे द्रव आत ओढतं. आणि ताठपणामुळे ओला झाल्यावरही हा तंतू कापसासारखा लोळत नाही.

पण वस्तू स्वस्त झाली म्हणून ती विकली गेली का? नाही. बारा पॅडचा डबा ६० सेंटला मिळत होता, तरी दुकानात पुरुषाकडे तो मागायची बायकांना लाज वाटे. मग दुकानांच्या फळीवर डबे रचून ठेवले आणि शेजारी पैसे टाकायची पेटी ठेवली. पैसे टाकायचे, डबा उचलायचा, कुणाशी बोलायचं नाही. संकोचाचीही एक किंमत असते आणि तीही कमी करावी लागते, हे व्यापाऱ्यांना तेव्हाच उमगलं होतं.

शेतासाठी शोधलेली पावडर

आजची पॅड पूर्वीच्या पॅडपेक्षा कितीतरी पातळ असतात. त्यांच्या पोटात साखरेच्या दाण्यांसारखी पांढरी पावडर असते. तिचा उगम शेतीत आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पिओरिया इथल्या प्रयोगशाळेत मक्याच्या स्टार्चपासून प्रचंड पाणी धरून ठेवणारं द्रव्य तयार झालं. मातीत ओल टिकावी, बी चांगलं रुजावं, हा त्यामागचा उद्देश होता. पुढे अशीच द्रव्यं पूर्णपणे कारखान्यात बनू लागली. सत्तरच्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये ती पॅडमध्ये आली आणि नंतर बाळांच्या डायपरमध्ये.

या पावडरीचा एक दाणा म्हणजे गुंडाळी होऊन पडलेल्या लांबच लांब साखळ्या. त्यांच्यावर सोडियमचे कण बसलेले असतात. पाणी आलं की परासरणानं ते आत खेचलं जातं, साखळ्यांवरचे सारखे विद्युतभार एकमेकांना दूर ढकलतात आणि गुंडाळी उलगडत जाते. साखळ्या अधूनमधून एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणून त्या विरघळत नाहीत. फुगतात आणि जेली होतात. जेलीत अडकलेलं पाणी दाबलं तरी सुटत नाही. शुद्ध पाणी ही पावडर स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पिते. रक्तात मीठ असतं. मिठाच्या पाण्यापुढे तिची ताकद तीस ते पन्नास पटींवर येते, कारण बाहेरच्या मिठामुळे आतली ओढ कमी होते. तरीही तीन-चार झाकणांसाठी चिमूटभर पावडर पुरते.

कोइमतूरच्या वर्कशॉपमधला प्रश्न

आता आपल्याकडे या. १९९८ च्या सुमारास तमिळनाडूतल्या कोइमतूरजवळ अरुणाचलम मुरुगनाथम यांचं नुकतंच लग्न झालं होतं. वडील हातमागावरचे विणकर, ते अपघातात गेले. आईनं शेतमजुरी केली. मुलगा चौदाव्या वर्षी शाळा सोडून कामाला लागला आणि पुढे वेल्डर झाला. बायको शांती पाळीसाठी घाणेरड्या चिंध्या लपवून जमवते, हे एक दिवस त्यांच्या लक्षात आलं. पॅड का घेत नाहीस, असं विचारल्यावर उत्तर मिळालं ते असं, की पॅड घेतली तर घरातल्या दुधाच्या पैशांना कात्री लागेल.

ते दुकानात गेले आणि एक पाकीट घेऊन आले. एका पॅडचं वजन भरलं सुमारे दहा ग्रॅम. तेवढा कापूस दहा पैशांना येत होता आणि पॅड मात्र चार रुपयांना. चाळीसपट! यंत्रावर काम करणाऱ्या माणसाला हा आकडा स्वस्थ बसू देईना.

त्यांनी कापसाचं पॅड केलं आणि ते फसलं. महिन्यातून एकदाच चाचणी होणार, तीही एकट्या शांतीवर. अशानं उत्तर मिळायला वर्षं लागतील, म्हणून बहिणींना विचारलं, वैद्यकीय महाविद्यालयातल्या मुलींना विचारलं. शेवटी फुटबॉलच्या ब्लॅडरमध्ये बकऱ्याचं रक्त भरून ते स्वतःच्या कमरेला बांधलं आणि स्वतःच पॅड लावून सायकल चालवली. गावानं त्यांना वेडं ठरवलं. बायको माहेरी गेली, आईही घर सोडून गेली. कापूस का हरतो, ते कळायला दोन वर्षांहून अधिक काळ लागला: कंपन्यांच्या पॅडमध्ये कापूस नव्हताच, लाकडाचा लगदा होता. पाइनच्या सेल्युलोजचे पुठ्ठे परदेशातून आले, ते फाडून पाहिले आणि गुपित उघडं पडलं.

पण तो पुठ्ठा पिंजून पॅड करणारं कारखान्यातलं यंत्र कोट्यवधी रुपयांचं होतं. चाळीसपटीचं खरं उत्तर तिथे होतं. लगदा महाग नव्हता, लगद्याजवळ पोचण्याचा दरवाजा महाग होता. मुरुगनाथम यांनी दरवाजा नव्यानं केला. सगळं काम चार सोप्या टप्प्यांत फोडलं: स्वयंपाकघरातल्या मिक्सरच्या तत्त्वावर लगदा पिंजायचा, साच्यात दाबून गादी करायची, ती कापडात गुंडाळून कडा चिकटवायच्या आणि अतिनील किरणांनी निर्जंतुक करायची. हाताने चालवायच्या यंत्राची किंमत पाऊण लाख रुपयांच्या आसपास बसली. २००६ मध्ये आयआयटी मद्रासनं त्याची दखल घेतली, २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. शांतीही परत आली.

यंत्र मोठ्या कंपनीला विकून ते श्रीमंत झाले असते. त्यांनी ते बचत गटांना द्यायचं ठरवलं. बायकाच पॅड करणार, बायकाच बायकांना विकणार, हवं तर उधारीवर, हवं तर एक-एक सुटं. लाज, नफा आणि वाहतूक हे किमतीचे तीन थर या एका निर्णयानं पातळ झाले.

या वाटेवर खाचखळगेही आहेत. लगदा मोठ्या प्रमाणावर बाहेरून येतो. वीज जाते, यंत्र बिघडतं आणि जाहिरातींवर अमाप पैसा ओतणाऱ्या कंपन्यांपुढे गावातला गट टिकवणं सोपं नसतं. पण पॅड हे कारखान्याचंच काम आहे, ही समजूत एकदा मोडली ती कायमची.

कर गेला, भाव किती उतरला?

२०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा सॅनिटरी नॅपकिनवर १२ टक्के कर होता. देशभर ओरड झाली आणि जुलै २०१८ मध्ये तो शून्य झाला. भाव लगेच तेवढा उतरायला हवा होता. तो तसा उतरला नाही, कारण करमुक्त वस्तू बनवणाऱ्याला कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. लगदा, प्लास्टिक, गोंद यांवरचा कर उत्पादकाच्या अंगावरच राहतो आणि तो किमतीत मिसळून पुन्हा ग्राहकाकडे येतो. वरचा कर दिसतो, पोटातला दिसत नाही.

२०१८ मध्येच दुसरी वाटही निघाली. जनऔषधी केंद्रांत ‘सुविधा’ नावाचं पॅड अडीच रुपयांना मिळू लागलं आणि २७ ऑगस्ट २०१९ पासून त्याची किंमत एक रुपया झाली. महाराष्ट्रात ८ मार्च २०१८ ला अस्मिता योजना सुरू झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांना मिळू लागलं आणि विक्रीचं काम गावातल्या बचत गटांकडे आलं. पाच रुपये मुलीच्या हातात असू शकतात, आणि विकणारी शेजारची काकू असायची. योजनेतला हा दुसरा भाग पहिल्याइतकाच मोलाचा होता.

किंमत आणि वापर यांचं नातं किती घट्ट आहे, ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. १५ ते २४ वयाच्या स्त्रियांमध्ये पाळीसाठी आरोग्यदायी साधन वापरणाऱ्यांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये ५७.६ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये ७७.३ टक्के झालं. पाच वर्षांत केवढी झेप! पण त्याच आकड्याच्या आत पाहिलं तर सर्वांत श्रीमंत पाचव्या हिश्श्यात हे प्रमाण ९५ टक्के होतं आणि सर्वांत गरीब हिश्श्यात सुमारे ५४. दिवसाला तीन-चार, अशी पाच दिवसांची पंधरा-वीस पॅड धरा. सहा रुपयांचं एक म्हटलं तर महिन्याला शंभर रुपये. आई आणि दोन मुली असलेल्या घरात तीनशे. रोजंदारीच्या घरात हे तीनशे रुपये कशातून तरी काढावे लागतात, आणि ते बहुतेकदा बाईच्याच वाट्यातून निघतात.

जी किंमत रुपयांत मोजता येत नाही

एक रुपयाचं पॅड हातात आलं, पण बदलायला आडोसा नसेल तर? बीड जिल्ह्यातून लाखो ऊसतोड कामगार दर हंगामाला उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन कारखान्यांच्या परिसरात जातात. मजुरीच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. फडाकडेला कोपी उभी करायची, पहाटे अंधारात ऊस तोडायला लागायचं, मोळ्या डोक्यावरून गाडीत भरायच्या. संडास नाही, न्हाणीघर नाही, पाणी लांबून आणायचं. एक दिवस खाडा पडला तर दंड कापला जातो. २०१९ मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. प्रत्येकीमागची कारणं वेगळी असतील. दुखणी, डॉक्टरांनी घातलेली भीती, परिस्थिती. पण पाळी म्हणजे बुडालेली मजुरी, हा हिशोब ज्या जगण्यात चालतो, तिथे पिशवी काढून टाकणं हाही सुटकेचा मार्ग वाटू लागतो.

हे वाचून मन सुन्न होतं, आणि पुढचा विचारही इथूनच सुरू होतो. ‘परवडणं’ या शब्दात पाणी येतं, दाराला कडी असलेला संडास येतो, पाळीत अर्धा दिवस बसायची मुभा येते. हे सगळं मिळून पॅडची खरी किंमत ठरते.

वापरून झाल्यावरचीही एक किंमत असते. पुण्यातल्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेनं ती सर्वांना दाखवून दिली. आपण उघडंच टाकलेलं पॅड कुणीतरी हातानं वेगळं करतं. २०१३ मध्ये या कचरावेचक महिलांनी वापरलेल्या पॅडच्या पिशव्या उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवल्या. २०१६ च्या घनकचरा नियमांत पॅडसोबत ते गुंडाळायला पिशवी द्यायची जबाबदारी उत्पादकांवर आली. कागदात गुंडाळून, आत काय आहे ते कळावं म्हणून वर लाल ठिपका काढायचा, एवढ्या साध्या सवयीनंही कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातांचा मान राखला जातो.

पुढची उत्तरं: कप आणि घायपात

सिलिकॉनचा मासिक पाळीचा कप काहीशे रुपयांत येतो आणि चांगला सांभाळला तर दहा वर्षांपर्यंत टिकतो. महिन्यांची संख्या मांडून भागाकार केला तर तो एक रुपयाच्या पॅडपेक्षाही स्वस्त पडतो. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये ४३ अभ्यासांचा आढावा आला. त्यात कप सुरक्षित आढळले आणि सवय झाल्यावर सुमारे ७० टक्के स्त्रियांना ते पुढेही वापरायचे होते. केरळमधल्या कुंबलंगी पंचायतीत एचएलएल लाइफकेअर या सरकारी कंपनीच्या मदतीनं हजारो कप वाटले गेले आणि पॅडमुक्त गाव होण्याचा प्रयोग झाला. मात्र कपाला दर महिन्याला उकळतं पाणी लागतं, हात धुवायला पाणी लागतं आणि सुरुवातीला समजावून सांगणारी विश्वासाची बाई लागते. जिथे हे आहे, तिथे कपासारखं स्वस्त दुसरं काही नाही. जिथे नाही, तिथे स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवलेलं सुती कापडही मानाचं साधन आहे. ते कोपऱ्यात, ओल्या अंधारात लपवून वाळवावं लागू नये, एवढं तरी आपण घरात करू शकतो.

आणि एक बातमी मला अतिशय आनंद देणारी वाटते. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मनू प्रकाश यांच्या गटानं २०२३ मध्ये घायपाताच्या पानांतला वाख सौम्य रासायनिक प्रक्रियेनं फुलवून दाखवला. या तंतूची शोषणशक्ती बाजारातल्या पॅडमध्ये सापडणाऱ्या साहित्यापेक्षा जास्त भरली. प्रक्रिया मुद्दाम अशी बेतली आहे, की मोठा कारखाना न उभारताही ती करता यावी. घायपात आपण सगळ्यांनी पाहिला आहे. मराठवाड्यात, सोलापुराकडे, दुष्काळी माळावर, शेताच्या बांधावर तो पाण्यावाचून उभा असतो आणि आजवर त्याच्यापासून दोरखंड वळले गेले. मुरुगनाथम यांच्या यंत्राची उणीव होती ती परदेशी लगद्यावर अवलंबून राहण्याची. ज्या माळावर पाऊस हुलकावणी देतो, त्याच माळावर ती उणीव भरून काढणारं रोप वाढतं आहे. प्रयोगशाळेतून बचत गटाच्या शेडपर्यंत अजून बरंच अंतर आहे, पण प्रत्येक थर असाच कुणाच्या तरी प्रश्नातून उतरला आहे.

परिचारिकांनी मलमपट्टीचा नवा उपयोग शोधला, एका वेल्डरनं यंत्र फोडून सोपं केलं, आंदोलकांनी कर हटवायला लावला, कचरावेचकांनी जबाबदारी परत पाठवली. आता राहिलेलं काम बऱ्याच अंशी आपल्या आवाक्यातलं आहे. आपल्या गावच्या शाळेतल्या मुलींच्या संडासात पाणी आहे का, दाराला कडी आहे का, जवळच्या जनऔषधी केंद्रात एक रुपयाचं पॅड खरोखर फळीवर असतं का, हे पुढच्या ग्रामसभेत उभं राहून विचारायला हवं. बायकांनी विचारावं, आणि पुरुषांनी त्यांच्याही आधी विचारावं.